आजोबांची कॅडेट असतानाची ट्रंक: कायदा ती परदेशी जाऊ देत नाही, पण देशात ती घेणार कोण?

जुनं घर रिकामं करताना माळ्यावरून एक लोखंडी ट्रंक खाली येते. वर कसरीनं खाल्लेला ब्लेझर. त्याखाली काळवंडलेली पितळी बटणं, टोपीवरचा बिल्ला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला लांबलचक ग्रुप फोटो आणि वळणदार इंग्रजी अक्षरांत लिहिलेली एक वही. वहीत नकाशे आहेत, टेकडीवर मशीनगन कुठे ठेवायची याची टिपणं आहेत. आजोबा किंवा पणजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कुठल्यातरी सैनिकी शाळेत होते, एवढंच घरात माहीत असतं.

मग कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून टाकतं: 'याचे किती येतील?' उत्तर देणारे पुष्कळ असतात. बिल्ल्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं, फोटोलाही मिळतं. वही बहुतेक वेळा रद्दीत जाते.

पण विकण्याआधी, किंवा अमेरिकेतल्या भावाकडे कुरिअर करण्याआधी एक गोष्ट माहीत असायला हवी. महायुद्धापूर्वीचा हा कागद भारतीय कायद्यानुसार 'पुरावशेष' ठरू शकतो, म्हणजे देवळातल्या मूर्तीच्या किंवा ताम्रपटाच्या रांगेत बसू शकतो.

या वस्तू येतात कुठून?

पहिल्या महायुद्धापर्यंत भारतीय माणूस सैन्यात शिपाई, जमादार, सुभेदार होऊ शकत होता. पूर्ण अधिकाराचं 'किंग्ज कमिशन' मात्र जवळपास गोऱ्यांसाठीच राखीव होतं. १९१८ नंतर इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात भारतीयांसाठी वर्षाला १० जागा ठेवल्या गेल्या. त्या वातावरणात टिकतील अशी मुलं लहानपणापासून तयार करायची म्हणून मार्च १९२२ मध्ये डेहराडूनला प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज सुरू झालं. सैनिकांच्या मुलांसाठी जालंधर, झेलम आणि अजमेरला किंग जॉर्ज शाळा निघाल्या. १९३२ मध्ये डेहराडूनलाच इंडियन मिलिटरी अकॅडमी आली आणि अधिकारी होण्यासाठी बोटीनं इंग्लंडला जाण्याची गरज संपली.

आपल्याकडच्या ट्रंकांमध्ये मात्र बहुधा वेगळी वस्तू निघते, ती म्हणजे 'युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर'चा फोटो. १९२० च्या प्रादेशिक सेना कायद्याखाली विद्यापीठांमध्ये या तुकड्या उभ्या राहिल्या. आजच्या एनसीसीची ही आधीची पिढी. कॉलेजात असताना खाकी हाफपँट आणि पट्ट्या गुंडाळलेल्या पोटऱ्यांत उभे असलेले पणजोबा पुढे वकील किंवा मास्तर झालेले असतात, त्यामुळे त्यांनी कधी बंदूक हातात घेतली होती हेच घरात कुणाला ठाऊक नसतं.

४० जणांचा फोटो

संग्राहक कशाला किंमत देतात आणि इतिहासाला काय हवं असतं, यातला फरक अकॅडमीच्या पहिल्या तुकडीवरून चांगला कळतो.

१ ऑक्टोबर १९३२ रोजी या तुकडीत ४० कॅडेट होते. त्यांना 'पायोनियर्स' म्हणतात. १५ जण स्पर्धा परीक्षेतून आलेले, १५ सैन्यात आधीच शिपाई किंवा नाईक असलेले आणि १० संस्थानांच्या फौजांमधले. याच ४० जणांत तीन देशांचे भावी लष्करप्रमुख होते. सॅम माणेकशॉ भारताचे, मोहम्मद मुसा पाकिस्तानचे आणि स्मिथ डन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे. मुसा तर शिपायांमधून वर आलेले. १९३४ मध्ये व्हाइसरॉय विलिंग्डन यांनी अकॅडमीला निशाण प्रदान केलं, त्या संचलनाचं नेतृत्व स्मिथ डन यांच्याकडे होतं.

या तुकडीचा एखादा मूळ फोटो, संचलनाची छापील पत्रिका किंवा जेवणाच्या मेनूकार्डावरच्या सह्या बाजारात आल्या, तर किंमत ठरेल ती माणेकशॉ यांच्या नावावर. ते समजण्यासारखं आहे. पण ४० पैकी अभ्यासक्रम पूर्ण केला तो फक्त २२ जणांनी. उरलेले १८ कोण होते? इंग्रजी जमलं नाही, घोडेस्वारी जमली नाही, की घरून पैसे येणं थांबलं? शिपायांच्या रांगेतून आलेल्यांना राजघराण्यातल्या पोरांबरोबर एका टेबलावर काटाचमच्यानं जेवताना काय वाटलं असेल? हे शोधायचं तर अशा मुलांची पत्रं, वह्या, घरखर्चाचे हिशेब लागतात. त्यांना बाजारात भाव नाही, म्हणून ते आधी नष्ट होतात.

विक्रेते अल्बम फोडतात तेव्हा हेच घडतं. प्रसिद्ध चेहरा असलेलं पान वेगळं विकलं की जास्त पैसे येतात, बाकीची पानं सुटी होतात. फोटोखालची नावांची पट्टी फ्रेममध्ये बसत नाही म्हणून कापली जाते. मग उरतो तो टोप्या घातलेल्या अनोळखी तरुणांचा देखणा फोटो, दिवाणखान्यात लावण्याजोगा. बाकी तो काही सांगत नाही.

कायदा काय म्हणतो?

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ मध्ये वयाच्या दोन अटी आहेत. वस्तूंसाठी किमान १०० वर्षं. पण वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्‌मयीन किंवा सौंदर्यमूल्य असलेल्या हस्तलिखितं, नोंदी आणि दस्तऐवजांसाठी फक्त ७५ वर्षं.

आता हिशेब करा. १९३९ च्या आधीचा प्रत्येक कागद ७५ वर्षांची रेषा ओलांडून गेला आहे. त्याला ऐतिहासिक मूल्य आहे असं ठरलं, तर तो पुरावशेष. बिल्ले, करंडक, बटणं यांची १०० वर्षं आत्ता भरू लागली आहेत. डेहराडूनच्या कॉलेजची शताब्दी २०२२ मध्ये झाली, म्हणजे तिथल्या सुरुवातीच्या वस्तू वर्षागणिक कायद्याच्या कक्षेत येण्याइतक्या जुन्या होत चालल्या आहेत. एकाच ट्रंकेतली वही पुरावशेष आणि तिच्यावर ठेवलेला बिल्ला नाही, असंही होऊ शकतं!

पुरावशेष घरात ठेवणं गुन्हा नाही. सगळ्याची नोंदणीही करावी लागत नाही. सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रकारांचीच करावी लागते. पुरावशेष विकण्याचा धंदा करायला मात्र परवाना लागतो. आणि तो देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्यानं नेमलेल्या संस्थेला आहे. खासगी व्यक्तीनं निर्यात केली तर किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षं तुरुंगवास, शिवाय दंड. त्यामुळे 'घरचीच वही आहे, बॅगेत टाकून नेतो' हे वाटतं तितकं साधं नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून वस्तू तपासून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घेता येतं.

ट्रंकेत तलवार किंवा संगीन निघाली तर शस्त्र कायद्याचाही प्रश्न येतो. परवाना लागेल की नाही हे पात्याची लांबी आणि तुमच्या भागात लागू असलेली अधिसूचना यांवर अवलंबून असतं. जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घेतलेलं बरं, विशेषतः तलवार हातात धरून रील टाकण्याआधी. आणि लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूनं सैनिकी गणवेश घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे, हेही रीलवाल्यांनी लक्षात ठेवावं.

बंदी आहे, खरेदीदार नाही

या कायद्याचा हेतू चांगला आहे. मूर्ती आणि चित्रं चोरून बाहेर नेणाऱ्या टोळ्या डोळ्यांसमोर ठेवून तो झाला. कौटुंबिक कागदांच्या बाबतीत मात्र तो अर्धंच काम करतो.

ब्रिटनचं उदाहरण बघा. पहिल्या महायुद्धातल्या दोन भारतीय रिसालदारांचं फिलिप दे लास्लो या चित्रकारानं काढलेलं चित्र परदेशी जाणार होतं. एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारनं त्याच्या निर्यातीवर तात्पुरती बंदी घातली. किंमत होती साडेसहा लाख पौंड. तिथली पद्धत अशी, की सरकार काही महिने निर्यात थांबवतं आणि देशातल्या संग्रहालयांना सांगतं की या किमतीत घ्यायचं असेल तर पैसे उभे करा. कुणी पुढे आलं नाही तर मालकाला साधारणपणे परवाना मिळतो. मालकाचं नुकसान होत नाही आणि वस्तू देशात राहण्याची संधी मिळते.

आपल्याकडे बंदीला मुदत नाही, आणि समोर विकत घेणाराही नाही. मोठ्या वस्तूंच्या बाबतीत चित्र बदलतंय हे खरं. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावातून रघुजी भोसले यांची तलवार ४७.१५ लाख रुपयांना घेतली. तलवारीमागे राजाचं नाव होतं, लोकभावना होती, बातमी होती. १९३४ सालच्या एका कॅडेटच्या वहीमागे यातलं काहीच नसतं. तिच्या कुटुंबाला पुण्यात कुठल्या दारात जायचं हेही कळत नाही. अशा वेळी कायद्याचा धाक उलटा चालतो. भानगड नको म्हणून माणूस गप्प बसतो, वाळवी तिचं काम करते, किंवा वस्तू गुपचूप विकली जाते आणि ती कुठून आली याची नोंदच उरत नाही.

एक डायरी टिकली म्हणून

कागद संग्रहात सलग राहिले तर काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये सुरू केली. त्याआधी ते अकॅडमीच्या स्थापनेसाठी नेमलेल्या चेटवोड समितीचे सदस्य होते. मार्च १९३१ मध्ये ते इटलीत मुसोलिनीला भेटले आणि तिथल्या बालिल्ला या युवा संघटनेचं प्रशिक्षण त्यांनी पाहिलं. हे आज माहीत आहे, कारण त्यांनी स्वतः ते डायरीत लिहून ठेवलं आणि त्यांचे कागद दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात, म्हणजे आताच्या प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालयात पोचले. त्या भेटीचा अर्थ काय लावायचा यावर कडाक्याचे वाद होतात आणि होत राहतील. पण वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना तीच पानं उघडावी लागतात. ती एकेक करून विकली गेली असती तर उरल्या असत्या फक्त ऐकीव गोष्टी.

खरं की बनावट?

किमती वाढल्या की नकला येतात. काही गोष्टी घरबसल्या तपासता येतात.

बिल्ल्यावरचा मुकुट बघा. १९५३ नंतर राणीच्या कारकिर्दीतल्या ब्रिटिश बिल्ल्यांवर तिचा वेगळ्या आकाराचा मुकुट आहे, आणि प्रजासत्ताक झाल्यानंतर भारतीय बिल्ल्यांवर अशोकस्तंभाचे सिंह आले. त्यामुळे राणीचा मुकुट असलेला '१९३५ चा' बिल्ला कुणी दाखवला तर हसून सोडून द्या. संस्थेचं नाव आणि साल जुळतं का तेही पाहा. बेळगावची किंग जॉर्ज शाळा १९४५ ची आहे आणि खडकवासल्याची एनडीए तर पन्नाशीच्या दशकातली. या दोन्हींची 'युद्धपूर्व' वस्तू असूच शकत नाही. कागद असेल तर अंधारात अतिनील दिव्याखाली धरा. १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणासाठी घातलेलं रसायन निळसर चमकतं, जुना कागद मंद दिसतो. एवढ्यानं वस्तू अस्सल ठरत नाही, पण नक्कल पुष्कळदा पकडली जाते.

आणि पितळ चमकवू नका. ब्रासोनं घासलेला बिल्ला छान दिसतो, पण त्यावरची बारीक अक्षरं झिजतात आणि संग्राहक त्याला कमी पैसे देतो.

ट्रंक निघाली तर काय करायचं?

विकायचंच असेल तर विका, तो हक्क तुमचा आहे. फक्त त्याआधी सगळ्याचे क्रमानं फोटो काढा, वहीची कोरी पानंसुद्धा. अल्बम फोडू नका. कागद लॅमिनेट करू नका, ते परत उलटवता येत नाही. दान करायचं असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार खासगी कागदपत्रं स्वीकारतं. आजोबांची रेजिमेंट माहीत असेल तर तिच्या केंद्राला पत्र लिहून पाहा. वस्तू रणगाडा किंवा घोडदळाशी संबंधित असेल तर अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला विचारता येईल. देताना लेखी पोच घ्या आणि वस्तूंची यादी त्याला जोडा.

ग्रुप फोटो असेल तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आज-उद्याच दाखवा. ओळखीचे चेहरे रांगेप्रमाणे मागच्या बाजूला मऊ पेन्सिलनं, हलक्या हातानं लिहा: डावीकडून तिसरा, बसलेला, अमुक. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.