भाडं कशाचं?

माहेरच्या जमिनीबद्दल माहेरवाशिणीनं तोंड उघडू नये, असं आमची आजी म्हणायची. पण या वेळी खुद्द दादानंच विचारलंय, तेव्हा लिहितेच. ओझरची मंडळी हे वाचणार आहेत याची पूर्ण कल्पना आहे. वहिनी, राग मानू नका!

झालं असं, की जानेवारीत आम्ही राजस्थानातून परत आलो आणि त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. येडगाव धरणाच्या फुगवट्याला लागून त्याचं तीन एकर रान आहे. थोरला मुलगा कॅलिफोर्नियात, धाकटा घरी. धाकट्याला शेतीत राम वाटत नाही, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? टोमॅटोला भाव नसला की नारायणगावच्या मार्केटला नेण्याचं भाडंही सुटत नाही, हे मी लहानपणापासून बघतेय.

तर थोरल्यानं सुट्टीत जोशुआ ट्री नॅशनल पार्कजवळ एक केबिन भाड्यानं घेतली होती. त्याचे फोटो घरच्या ग्रुपवर आले. एक लाकडी खोली, पुढे व्हरांडा, दोन खुर्च्या, आणि चहूकडे उजाड माळ.

"अगं, झाड म्हणून धड नाही तिथं," दादा सांगत होता. "आणि एका रात्रीचं भाडं ऐकशील तर चक्कर येईल. आपल्याकडे पाणी आहे, ऊस आहे, समोर विघ्नहराचा कळस दिसतो. मग आपण का नाही?"

बेत तयारच होता. कंटेनरच्या पाच खोल्या, मधे स्विमिंग पूल, हिरवळ, आणि शनिवारी रात्री 'म्युझिक'. "तू नुकतीच वाळवंटात राहून आलीस. सांग, लोकांना काय लागतं?"

तेव्हा फोनवर मी काहीतरी गुळमुळीत बोलले. खरं उत्तर द्यायचं तर आधी वाळवंटातल्या दोन रात्री सांगायला हव्यात.

जैसलमेरजवळचं डेझर्ट नॅशनल पार्क ३१६२ चौरस किलोमीटरचं आहे. नाव राष्ट्रीय उद्यान असलं, तरी १९८० साली त्याची अधिसूचना निघाली ती अभयारण्य म्हणून, आणि आत आजही गावं आहेत, ढाण्या आहेत, शेळ्यामेंढ्या आहेत. सिनेमात दिसतात तशा वाळूच्या टेकड्या म्हणाल, तर त्या साधारण एक पंचमांश भागात. उरलेलं सगळं खडकाळ रान, खुरटं गवत आणि मधूनमधून एखादं खेजडीचं झाड.

पहिली रात्र आम्ही सम गावच्या बाजूला एका तंबूत काढली. नेटवर फोटो बघून बुक केलेला तंबू. आत गालिचा, गीझर, चोवीस तास गरम पाणी. (वाळवंटात!) संध्याकाळी उंटावरून फेरी, रात्री नाच. नाच सुरेख होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो संपल्यावर स्पीकरवर सिनेमाची गाणी लागली. शेजारच्या कॅम्पात दुसरी, त्याच्या पलीकडे तिसरी. एक वाजेपर्यंत तंबूचं कापड थरथरत होतं. लेक म्हणाली, "आई, तारे कुठेत?" वर पाहिलं, तर हॅलोजनच्या झोतात आकाश पुसून गेलेलं. मॅनेजरला सांगायला गेले, तर तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, गेस्ट लोग यही माँगते हैं।"

हे वाक्य लक्षात ठेवा. दादाचं वाक्यही जवळजवळ हेच आहे.

दुसऱ्या रात्रीसाठी आधीच परवानगी काढून ठेवली होती, सुदासरीला वनखात्याच्या झोपडीची. गोल भिंतीची झोपडी, दोन खाटा, जाड रजया. पाणी जपून वापरायचं, दिवा गरजेपुरता. राखणदार काकांनी चुलीवर बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी करून दिली. नवरा आधी जरा नाराज होता. भाकरी खाल्ल्यावर निवळला.

सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. आणि खेजडी म्हणजे कोण? आपली शमी! गणपतीला वाहतो तीच. ओझरच्या देवळात लहानपणापासून ओंजळभरून शमी वाहिली, पण तिच्या शेंगांची भाजी होते आणि दुष्काळात तिच्यावर माणसं तगतात, हे मला या वयात कळलं. जोधपूरजवळच्या खेजडलीला १७३० साली याच झाडांना मिठी मारून ३६३ बिष्णोई माणसांनी जीव दिला. आपण पूजेपुरतं ओळखतो ते झाड त्यांच्या संसाराचा खांब आहे. असो, विषय भरकटला.

जेवणं झाल्यावर काकांनी दिवा मालवला.

त्या अंधाराचं आणि शांततेचं वर्णन करत बसत नाही. एवढंच सांगते की पहिली पाच-दहा मिनिटं मला भीती वाटली. मग डोळे सरावले, आणि लेक काही न बोलता माझ्या रजईत शिरून वर बघत राहिली. कितीतरी वेळानं तिनं विचारलं, "हे रोज असतं?"

हो गं बाई, हे रोज असतं. आपणच दिवे लावून बसतो.

सकाळी दुर्बिणीतून, पार लांब, माळढोक दिसला. एकच. गवतातून सावकाश चालत होता, घरातला एखादा वयस्कर माणूस अंगणात फिरावा तसा. जवळजवळ मीटरभर उंच, आणि नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. जगात आता हे पक्षी जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत, आणि त्यातले बहुतेक या भागात. मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. समोरचं नीट दिसत नसल्यामुळे ते विजेच्या तारांवर आदळून मरतात. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं, पण सौर आणि पवनऊर्जेचाही प्रश्न होता, म्हणून २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. समला २०१९ पासून या पक्ष्यांचं प्रजनन केंद्र चालू आहे.

नाव बघा, माळढोक. म्हणजे तो आपल्याच माळाचा. सोलापूर-अहिल्यानगरकडे त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य केलं. नान्नजच्या माळावर एकेकाळी हमखास दिसायचा. आता तिथे तो दिसणं हीच बातमी होते. माळ म्हणजे पडीक, रिकामी जागा, तिचं 'काहीतरी केलं पाहिजे', असं आपण धरून चाललो. ऊस केला, प्लॉट पाडले. त्याची जागा गेली आणि तो गेला.

आता काकांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी फक्त शहरातून आलेली शांततेची भक्त ठरेन. काका म्हणाले, पक्षी वाचावा हे खरं, पण उद्यानाच्या नियमांपायी आमच्या गावात रस्ता यायलाही अडचण, वीज यायलाही अडचण. तुम्ही एक रात्र अंधार बघायला येता, आमची म्हातारी माणसं रोज अंधारात चाचपडतात. यावर मी काय बोलणार? चहा घेतला आणि गप्प बसले.

तर या दोन रात्रींनंतर मी एका मतावर आलेय. अशा ठिकाणी आपण भाडं भरतो ते खोलीचं नसतंच. खोली तर आपल्या घरी याहून बरी असते. भाडं असतं खोलीच्या बाहेर जे आहे त्याचं. अंधाराचं, शांततेचं, गवतातून चालणाऱ्या त्या एका पक्ष्याचं. आणि गंमत म्हणजे खोलीच्या मालकाचं त्यातलं काहीच नसतं! ते सगळ्या गावाचं असतं. समच्या त्या कॅम्पवाल्यानं मला तंबू विकला आणि ज्यासाठी मी आले होते तेच स्पीकर लावून संपवलं. त्यात माझ्यासारखे पैसे देणारेही सामील. 'गेस्ट लोग यही माँगते हैं' हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

आता भाच्याच्या केबिनकडे येते. दादा, तुला वाटलं तिथे काहीच नाही आणि तरी लोक पैसे मोजतात. पण ते 'काहीच नाही' लोकांनी मुद्दाम राखलंय रे. जोशुआ ट्रीला १९९४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यानाच्या आत हॉटेल नाही, तंबू ठोकायच्या जागा आहेत, बस्स. केबिन सगळ्या बाहेरच्या गावांत. त्या भागातल्या कितीतरी केबिन १९३८ च्या कायद्यानं सरकारनं लोकांना पाच-पाच एकराचे तुकडे दिले तेव्हाच्या. खोली बांधली तर जमीन तुमची, असा तो प्रकार होता. पुढे कित्येक खोल्या ओस पडल्या आणि आता त्याच डागडुजी करून भाड्यानं जातात. २०१७ मध्ये त्या उद्यानाला काळोख्या आकाशासाठी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. म्हणजे तिथे काळोख ही मिळकत आहे. अर्थात तिथेही सगळं गोड नाही. भाच्यानंच सांगितलं, की घरं सुट्टीवाल्यांना द्यायला लागल्यापासून तिथल्या दुकानात काम करणाऱ्या पोरांना राहायला घर मिळणं कठीण झालंय.

आणि दादा, शांतता ही मिळकत असते हे ओझरला तरी कुणी शिकवायला नको. आपल्या शेजारी खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण उभी आहे ना, तिच्यासाठी हा भाग निवडताना एक कारण हेच होतं, की इथे रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता. आकाशातलं ऐकायला जगभरचे शास्त्रज्ञ आपल्या मुलखाकडे येतात, आणि आपण म्हणतो, लोकांना डीजे लागतो!

जुन्नर २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. चांगलंच झालं. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट, लोक येणारच. पण पाण्याकाठी जे उभं राहतंय ते बघून मला समचा तो तंबू आठवतो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं की कालव्याच्या आवर्तनावरून भांडणं होतात, आणि त्याच पाण्याच्या काठावर आपण पूल भरणार? उसात बिबट्या आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूरमध्ये माणसं गेलीत, लहान मुलं गेलीत. पाहुणे रात्री बाटल्या घेऊन बांधावर फिरायला निघाले, तर जबाबदारी कुणाची?

हे सगळं मी दुसऱ्यांदा फोन करून दादाला सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "तुझं पटतं. पण तू पुण्यात राहतेस, महिन्याला पगार येतो. शांतता तुला परवडते. मला धाकट्याला घरी ठेवायचाय. पाच खोल्या आणि पूल असला तर हप्ता फिटतो. दोन खोल्या आणि अंधार असला तर फिटेल का, ते सांग."

सुदासरीच्या काकांचंच बोलणं. या वेळी मात्र मी गप्प बसले नाही. हिशेब करायला बसले. नवऱ्यानं कागद घेतला. पूल नाही म्हणजे मोठं कर्ज नाही, म्हणजे हप्ताही निम्म्याहून कमी. हिरवळ नाही, जनरेटर नाही. वहिनींच्या हातची मासवडी आणि बाजरीची भाकरी, धाकट्यानं पाहुण्यांना द्राक्षाच्या बागेत फिरवून आणायचं, रात्री दहानंतर आवाज बंद, दिवे पायवाटेपुरते. पाहुणे कमी येतील. पण जे येतील ते परत येतील असं मला वाटतं. वाटतं, हं. खात्री देऊ शकत नाही, कारण हप्ता मला भरायचा नाहीये.

एक आठवण सांगून थांबते. माझ्या लहानपणी माघातल्या गणेशजयंतीला आमच्या ओसरीवर कोण कुठली माणसं झोपलेली असायची. यात्रेला आलेली, एसटी चुकलेली. आजी त्यांना पिठलं-भाकरी द्यायची, आणि एकच गोष्ट बजावायची: "पहाटे नदीवर जा, पण गलका करू नका. देव उठायचाय." भाडं नव्हतं, नियम मात्र होता. आता भाडं आलं, त्याला माझी हरकत नाही. काळ बदलला, घर चालायला हवं. पण भाड्याबरोबर नियम का जावा?

परवा दादाचा फोन आला. "पूल रद्द नाही केला, पुढे ढकललाय. दोन खोल्या करतो आधी. अक्षय्य तृतीयेपर्यंत होतील."

मी म्हटलं, पहिली रात्र आमची. भाडं किती?

"येडी का काय तू? माहेर आहे तुझं. भाडं कसलं?"

"नाही दादा, पूर्ण भाडं घ्यायचं. आणि सकाळी मला विचारायचं, की पैसे कशाचे दिलेस."