विमान कोणाचे, प्रवास कोणाचा?

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीट येथे एका स्नेह्यांकडे मध्यंतरी जाणे झाले. मुलगा नोकरीनिमित्त न्यू जर्सीत; सुनेच्या बाळंतपणासाठी साठी उलटलेले आईवडील प्रथमच परदेशी निघालेले. घरात चर्चा एकच, विमान कोणते घ्यावे? मुलाने आखाती कंपनीचे स्वस्त तिकीट पाहून ठेवले होते. वडिलांचा आग्रह एअर इंडियाचा. “आपले असताना परक्याचे कशाला?” हा त्यांचा रोकडा सवाल.

या आग्रहामागे इतिहास आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा कराचीहून टपालाचे विमान घेऊन मुंबईत जुहूला उतरले. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला झेपावले. १९९० मध्ये कुवेतवर इराकी आक्रमण झाले, तेव्हा तेथे अडकलेल्या लाखाहून अधिक देशबांधवांना मायदेशी आणण्याचे कार्य एअर इंडियाने केले. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेली ही कंपनी २७ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा टाटा समूहाकडे आली.

मात्र अभिमान म्हणजे डोळेझाक नव्हे. मोडक्या आसनांच्या आणि विलंबाच्या तक्रारी प्रवाशांनी वर्षानुवर्षे केल्या आहेत. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादच्या भीषण अपघातात विमानातील २४२ पैकी २४१ जण मृत्युमुखी पडले. एका दुर्घटनेवरून घाईने निष्कर्ष काढू नयेत हे खरे. परंतु प्रवाशाच्या मनातील शंकेला केवळ देशप्रेमाची आठवण करून देणे हे उत्तर नव्हे. सुरक्षा आणि सेवा यांनीच ते द्यावे लागेल.

स्वस्त तिकिटाचे गणितही वाटते तितके सरळ नाही. २३ जून २०२५ रोजी इराणने कतारमधील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागली. कतारने आकाश बंद केले आणि दोह्याकडे निघालेली विमाने अन्यत्र वळवावी लागली. आपल्या कंपन्यांनाही आकाश मोकळे राहिलेले नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. परिणामी दिल्लीहून अमेरिकेकडे जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नात इंधनासाठी थांबावे लागले, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली. तात्पर्य, निव्वळ नाव पाहून निर्धास्त व्हावे अशी कंपनी कोणतीच नाही.

बापलेकांचा वाद रंगला असताना आईंनी हळूच विचारले, “मधे उतरून दुसऱ्या विमानात बसावे लागेल का?” खरा प्रश्न हाच होता, आणि तोवर तो कोणी विचारला नव्हता.

कोरीटकरांचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. नंदुरबारला गाडी पकडायची, सुरतमार्गे मुंबई गाठायची, म्हणजे विमानात बसण्यापूर्वीच एक रात्र गेलेली असते. अशा थकल्या जिवांना परक्या विमानतळावर दीड तासात दुसरे विमान गाठायला लावून दहा-पंधरा हजार वाचवणे ही काटकसर नव्हे. थेट उड्डाण मिळत असेल तर ते घ्यावे. नसेल तर सारा प्रवास एकाच तिकिटावर असावा. कारण पहिल्या विमानाच्या विलंबामुळे पुढचे चुकले, तर पर्यायी व्यवस्थेची जबाबदारी कंपनीवर राहते. दोन वेगळी तिकिटे काढली की ती आपल्या माथी येते. मधल्या मुक्कामासाठी किमान तीन तास ठेवावेत. त्या देशाचा व्हिसा लागतो का, हे आधी पाहावे. चाकाची खुर्ची आणि शाकाहारी भोजन यांची नोंद तिकीट काढतानाच करावी. औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी हातातील पिशवीत ठेवावी.

मग स्वदेशीचे काय? सोय आणि वेळ तुल्यबळ असतील, तर चार पैसे अधिक देऊनही भारतीय कंपनी निवडावी. तसे नसेल, तर वृद्ध मातापित्यांच्या सुखासाठी परकीय विमान घेताना अपराधी वाटण्याचे कारण नाही. आणि आपल्या कंपनीची सेवा उणी पडली, तर घरी येऊन नुसती नाके मुरडण्यापेक्षा लेखी तक्रार करून पाठपुरावा करावा. आपले म्हणून चालवून घेण्यापेक्षा, आपले म्हणून उत्तमच हवे असा हट्ट धरणे, हीच स्वदेशीची खरी सेवा होय.