पालघरच्या पायवाटांचा हिशेब

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला आणि तेव्हापासून या भागाच्या विकासाची भाषा मोठ्या आकड्यांत बोलली जाऊ लागली. कोळगाव येथे सिडकोने बांधलेले जिल्हा मुख्यालय २०२१ मध्ये खुले झाले. ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच झाली. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेचे एक स्थानक बोईसरला व्हावयाचे आहे. या योजनांच्या बऱ्यावाईटाची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी आणि ती होतही आहे. नजरेत भरते ती वेगळीच गोष्ट. वाहनाने कोठून कोठे किती मिनिटांत पोहोचता येईल याचा तपशील प्रत्येक योजनेत सापडतो. परंतु पालघरच्या माणसाला संध्याकाळी तासभर पायी कोठे जाता येईल, याचा विचार त्या कागदांत कोठेही दिसत नाही.

प्रश्न क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. पण तो ज्यांचा आहे त्यांच्याकडे जरा पाहावे. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत आल्या आणि चर्चगेटपासून नव्वद किलोमीटरवरचे पालघर मुंबईच्या नोकरदारांचे गाव झाले. पहाटेची गाडी पकडणारा कारकून रात्री परततो तेव्हा दिवसाचे चार-पाच तास त्याने डब्यात उभे राहून काढलेले असतात. जिल्हा परिषदेचा शिक्षक मोटारसायकलीवरून आदिवासी पाड्यावरच्या शाळेत जातो. महाविद्यालयीन विद्यार्थी रिक्षात दाटीवाटीने बसून येतो. चालण्यासाठी या तिघांनाही निराळा वेळ काढावा लागतो आणि तो काढला, तरी पाय कोठे टाकावा हा प्रश्न उरतोच. प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे; म्हणजे आठवड्याचे पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे. पदपथावर अडथळ्याविना किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पालघर स्थानकाबाहेरच्या किंवा बोईसरच्या मुख्य रस्त्यावर असे १.८ मीटर शोधायला निघालेल्या माणसाचा व्यायाम त्या शोधातच उरकेल.

वस्तुतः या परिसराइतके सुलभ चालणे महाराष्ट्रात थोड्याच गावांच्या वाट्याला आले असेल. पालघर हे डोंगर आणि समुद्र यांच्या अगदी मध्यावर वसले आहे. पश्चिमेस अर्ध्या तासाच्या आत शिरगावचा किनारा गाठता येतो. तेथे किनाऱ्यालगत जुना किल्ला आहे आणि त्याच्या आवारात फांद्या फुटलेला एक ताडासारखा वृक्ष आहे. एरवी ताड-माड एका दांड्याने सरळ आभाळाकडे जाणारे. त्यामुळे हे झाड पाहायला शाळेतली मुले न्यावीत असे आहे. किल्ल्यापासून ओल्या वाळूवरून ओहोटीच्या वेळी चालू लागले, की चढ नाही, दगड नाही, गुडघ्यांची तक्रार नाही. भरती-ओहोटीची वेळ दररोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. आणि ते सातपाटी-शिरगावच्या कोणत्याही कोळ्याला विचारता येते.

दक्षिणेकडे माहीम आणि केळवे. या दोन गावांच्या दरम्यान वाड्यांमधून जाणारे जे आतले अरुंद रस्ते आहेत, त्यांची सर कोणत्याही उद्यानाला यावयाची नाही. नारळ, सुपारी, केळी आणि पानवेलींच्या मळ्यांमधून चार-पाच किलोमीटरचा हा फेरा भर उन्हाळ्यातही बहुतांशी सावलीतून होतो. केळव्याला पोहोचल्यावर सुरूचे बन आहे, त्यात वाळूत दडलेला लहानसा भुईकोट आहे आणि जवळच शितलादेवीचे देऊळ. साठीच्या माणसानेही दम न लागता करावी अशी ही वाट आहे. जाताना चालत जावे आणि येताना एस.टी. किंवा रिक्षा धरावी.

पूर्वेस मनोरच्या रस्त्यावर वाघोबाची खिंड आहे. खिंडीतले वाघोबाचे ठाणे हे येथल्या आदिवासींचे श्रद्धास्थान. जाणारे-येणारे अजूनही तेथे थांबून हात जोडतात. तेथूनच काळदुर्गाची वाट चढते. माथ्यापर्यंत जाणे सर्वांना झेपणारे नाही आणि त्याची गरजही नाही. झाडीतून अर्धा तास चढून मोकळ्यावर बसावे आणि परतावे, एवढ्यानेही शनिवार सार्थकी लागतो. गंमत अशी, की या वाटेची खडानखडा माहिती दादर-बोरिवलीच्या गिर्यारोहकांना असते; पालघरच्या कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाने मात्र ती एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेली असते.

बोईसर-तारापूरची कथा अधिक कठीण आहे. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तारापूरला सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत आली आणि शेतीवाडीच्या गावांचे कामगारनगर झाले. २०११ च्या जनगणनेत छत्तीस हजारांवर वस्तीचे बोईसर नगरपालिका नसलेले 'जनगणना शहर' म्हणून नोंदले गेले. वस्ती शहराची आणि कारभार ग्रामपंचायतीचा, अशा ठिकाणी पदपथाची मागणी कोणी कोणाकडे करावयाची? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. अशा हवेत चिमण्यांच्या सावलीत सकाळी धावणारी तरुण मुले आरोग्य मिळवितात की गमावतात, हा प्रश्न त्यांना कोणी विचारीत नाही. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. केंद्राभोवतीचा किनारा सुरक्षेच्या कारणास्तव बंद असणे समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे गावागावांना जोडणारी किनाऱ्याची वाट मध्येच तुटली, हेही खरे. तरीही बोईसरकराला दोन दिशा मोकळ्या आहेत. पूर्वेस रेल्वे ओलांडली की आसावा किल्ल्याच्या पायथ्याची रानवाट लागते. वायव्येस तारापूरचा किल्ला पाहून खाडी ओलांडावी आणि चिंचणीच्या किनाऱ्यावर उतरावे. १७३९ च्या जानेवारीत मराठी फौजेने तारापूर घेतले, त्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर पडले. एवढे ठाऊक असलेला माणूस त्या तटाजवळून निराळ्या पावलांनी चालतो.

या वाटा केवळ हौसेच्या नव्हत्या. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर जो मोर्चा आला, तो भोवतालच्या गावांतून पायीच आला होता. त्या दिवशीच्या गोळीबारात काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र तिवारी, रामचंद्र चुरी आणि सुकूर मोरे हे पाच जण हुतात्मा झाले. गावातील चौकात त्यांचे स्मारक आहे आणि दरवर्षी त्या दिवशी तेथे माणसे जमतात. ती बहुतेक वाहनांनी येतात. किनाऱ्यावरच्या एखाद्या शाळेने त्या दिवशी मुलांना चालत आणावयाचे ठरविले, तर शिक्षकाला आज सारा मार्ग ट्रकच्या कडेने काढावा लागेल.

अर्थशास्त्रात किंमत आणि मूल्य यांतला भेद पहिल्याच वर्षी शिकविला जातो आणि व्यवहारात तो पहिल्याच दिवशी विसरला जातो. पायवाटेला तिकीट नाही, तिच्यावर कर नाही, तिची खरेदी-विक्री होत नाही. म्हणून कोणत्याही हिशेबात ती शून्य असते. शेतजमीन बिनशेती झाली, की वाढलेल्या भावाची नोंद होते, मुद्रांक शुल्क तिजोरीत जमा होते. त्या जमिनीतून पूर्वापार जाणारी वाट कुंपणाच्या भिंतीआड गेली, हे नुकसान मात्र कोणाच्याच नावे पडत नाही. ते अनेकांत थोडे थोडे वाटले जाते. एकट्याचे नुकसान इतके लहान, की त्यासाठी कोणी तहसीलदाराची पायरी चढत नाही.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. गाव नकाशावर पायवाटा तुटक रेषेने दाखविलेल्या असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतो. त्याआधीचा १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदाही अडविलेली वाट मोकळी करण्यासाठी वापरला जातो. मात्र हे सारे मुख्यतः शेताकडे जाऊ पाहणाऱ्या शेतकऱ्यासाठी आहे. नुसत्या चालणाऱ्याला तेथे जागा नाही. इंग्लंडने १९४९ मध्ये, महायुद्धाने पोळलेला आणि शिधावाटपावर जगणारा देश असताना, प्रत्येक परगण्याने सार्वजनिक पायवाटांची पाहणी करून नकाशे तयार करावेत असा कायदा केला. तेव्हा असल्या कामाला संपन्नता लागते, हा आक्षेप टिकणारा नाही. पुण्याला तर कायद्याचीही वाट पाहावी लागली नाही. रोज पहाटे हजारो पावले पडतात म्हणून तेथल्या टेकड्यांना पहारेकरी मिळाले, आणि २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरील नियोजित रस्त्याविरुद्ध नागरिक मोर्चाने उतरले.

पिण्याचे पाणी आणि रुग्णालय यांची वाण असताना पायवाटांचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. पण पायवाटा पाण्याच्या नळातून पैसा काढून घेत नाहीत. गाव नकाशे महसूल खात्यापाशी आहेत, तलाठी आहेत, कोतवाल आहेत. पाच-सहा वाटा निवडाव्यात, त्यांची नोंद नगरपरिषद आणि ग्रामपंचायतींच्या ठरावात करावी, अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरवर आकडा कोरलेला दगड रोवावा. बिनशेतीची परवानगी देताना त्या वाटा मोकळ्या ठेवण्याची अट घालावी. याहून अधिक करू नये, हे सांगण्याचीही पाळी आली आहे. कारण शासनाचे लक्ष गेले, की फरसबंदी, कमान, उद्घाटनाची कोनशिला आणि मागोमाग प्रवेशशुल्क येते.

खरी अडचण वाडीवाल्यांची आहे आणि ती प्रामाणिक आहे. रविवारी येणारा पाहुणा प्लास्टिक टाकून जातो, कुंपण वाकवतो, शहाळ्याला हात घालतो. त्यांच्या सहमतीवाचून माहीम-केळव्याच्या वाटा टिकणार नाहीत आणि टिकाव्यात असे म्हणण्याचा अधिकारही कोणाला नाही. मात्र हा उपद्रव बहुधा मोटारीतून उतरणाऱ्याचा असतो. आठवड्यातून तीनदा तीच वाट चालणारा शिक्षक चौथ्या आठवड्यात वाडीवाल्याच्या ओळखीचा होतो. स्त्रियांची अडचण निराळी. निर्जन वाट त्यांना बंदच असते आणि दिवे लावून ती उघडत नाही. ती उघडते सोबतीने. महाविद्यालयांनी आणि शिक्षकांच्या संघटनांनी ठरावीक वारी, ठरावीक वेळी गट काढले, तर त्याला अनुदान लागणार नाही.

पावसाळ्यात वाघोबाच्या उतारावर गवत कमरेइतके वाढते, वाट दिसेनाशी होते आणि धबधब्यांवर जाण्यास मनाईचे हुकूम निघतात. दिवाळीनंतर गवत वाळू लागते आणि जुन्या वाटा पुन्हा उघड्या पडतात. शिमग्यापर्यंतच्या त्या चार महिन्यांत गाव नकाशा हाती घेऊन तलाठ्याबरोबर दोन शिक्षक आणि दहा विद्यार्थी चालत निघाले, तर कोणती तुटक रेषा अजून जमिनीवर शिल्लक आहे आणि कोणत्या रेषेवर भिंत उभी राहिली आहे, हे एका हिवाळ्यात समजेल.