फितूर कोण होतं? चांदबिबी की दरबार?

नगरला गेलेला आपल्याकडचा माणूस डोंगरावरचा 'चांदबिबी महाल' बघून येतो. पण ती चांदबिबीची वास्तू नाहीच. ती सलाबतखान या निजामशाही मंत्र्याची कबर आहे. चीनमध्ये वू झेतियान 690 ते 705 अशी पंधरा वर्षे स्वतःच्या नावाने सम्राज्ञी होती. तिच्या कबरीपुढचा शिलालेखाचा दगड कोराच ठेवला गेला. राज्य केलेल्या बाईची नोंद इतिहास अशी ठेवतो.

1595 मध्ये निजामशाहीच्या गादीवरून दरबारात गट पडले. मियाँ मंजू या सरदाराने विरोधकांना हरवण्यासाठी मोगल शहजादा मुरादला बोलावणे धाडले. शत्रूला दारात आणले ते दरबारातल्या पुरुषाने. किल्ला लढवला चांदबिबीने. सुरुंगाने फुटलेला तट तिने रातोरात बांधून काढला. 1596 मध्ये वऱ्हाड देऊन तह केला आणि नगर वाचवले. 1600 मध्ये मोगल पुन्हा आले. दरबारातली भांडणे संपली नव्हती. निभाव लागणार नाही हे ओळखून ती वाटाघाटीचा विचार करत होती. तेव्हा 'बिबी फितूर झाली' अशी आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार मारले. पाठोपाठ किल्ला पडला.

राजेशाहीचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. तिच्या राज्यात आमच्या पूर्वजांना न्याय होता, असा आमचा दावाही नाही. प्रश्न एवढाच आहे की पुरुषाने सत्ता मागितली तर तो 'मुत्सद्दी', बाईने मागितली तर ती 'महत्त्वाकांक्षी' आणि 'कारस्थानी' कशी?

हा प्रश्न दरबारापुरता असता तर आम्ही लिहिले नसते. श्रीरामपूर परिसरातल्या एका जयंतीच्या बैठकीत एका मुलीने अध्यक्षपदासाठी स्वतःचे नाव सुचवले. मागून आवाज आला, "हिला आत्ताच पुढारी व्हायचंय!" सगळे हसले. खरे सांगायचे तर आम्हीही गप्प बसलो.

1942 मध्ये नागपूरच्या दलित महिला परिषदेत अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तिथेच सांगितले. त्या मापाने आमची समिती कुठे बसते? बायकांनी मिरवणुकीत पुढे चालायचे, भोजनदानाला राबायचे आणि हिशेबाची वही, माइक, सही मात्र आमच्याकडे! ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या, तरी तिथल्या खुर्चीत 'सरपंचपती' बसतो. त्याला नावे ठेवणारे आम्ही, आमच्या समितीत वेगळे काय करतो?

यंदाच्या बैठकीत अध्यक्षपदासाठी पहिले नाव बाईचे घ्या. आणि मागून कोणी हसले, तर या वेळी गप्प बसू नका.

जय भीम!