चित्राचेही मुद्रितशोधन हवे

ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक राहू नये म्हणून चार-चार प्रुफे तपासणारे आम्ही लोक मुखपृष्ठावरचे चित्र मात्र अंक हाती पडेपर्यंत कागदावर पाहतच नाही. ही विसंगती आमच्या ध्यानात येण्यासाठी एका अंकाची किंमत मोजावी लागली.

काही वर्षांपूर्वी आमच्या वार्षिक अंकासाठी एका चित्रकर्तीने संगणकावर चित्र काढून दिले. रात्रीची खाडी, गर्द निळे पाणी आणि दूरवर एकच हिरवा दिवा. चित्र ई-मेलने आले. आम्ही सर्वांनी ते पडद्यावर पाहिले, वाखाणले आणि जसेच्या तसे मांडणीत बसवून छापखान्यात धाडले. अंक आला तेव्हा पाणी जांभळे झाले होते, दिवा शेवाळी पडला होता आणि उजव्या कडेला कागदाची पांढरी रेघ उघडी पडली होती. आम्ही तावातावाने मुद्रकांकडे गेलो. त्यांनी आमचीच फाईल उघडून दाखवली आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही दिलंत तेच छापलंय." चित्रकर्तीने एवढेच विचारले, "छापण्याआधी मला एकदा दाखवलं का नाही?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

जे घडले त्यात गूढ काही नाही. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शाया कागदावर पडणाऱ्या प्रकाशाचा काही भाग शोषतात आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. पडद्यावरचे लखलखीत निळे-हिरवे रंग या चार शायांच्या आवाक्याबाहेर असतात. म्हणजे नुकसान अटळ आहे. प्रश्न इतकाच की कोणते नुकसान पत्करायचे आणि ते कोणी ठरवायचे.

रूपांतर करताना संगणक पर्याय देतो. 'परसेप्च्युअल' पद्धतीत चित्रातले सगळेच रंग थोडेथोडे सरकतात, पण त्यांचे परस्परांशी असलेले नाते बऱ्याच अंशी टिकते. 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' पद्धतीत आवाक्यातले रंग जागच्या जागी राहतात आणि आवाक्याबाहेरचे तेवढे सीमेवर आणून बसवले जातात. त्यांच्यातले बारीक भेद मग पुसले जाऊ शकतात. अनुवाद करणाऱ्याला हा पेच ओळखीचा वाटेल. शब्द सांभाळावा की लय, हा निर्णय आपण यंत्रावर सोपवत नाही. चित्राच्या बाबतीत मात्र तो बिनदिक्कत सोपवतो आणि त्याला 'तांत्रिक बाब' असे नाव देऊन मोकळे होतो.

पूर्वी हे काम माणसे करीत. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. तैलचित्रातली एखादी छटा किती दगडांत आणि कशी विभागायची, हे कारागिराची नजर ठरवी. नंतरच्या काळात ठोकळे करणारे आणि रंगांचे फिल्म-विभाजन करणारे लोक हे काम पाहत. संगणकाने ही मधली फळी जवळजवळ नाहीशी केली, पण काम संपले नाही. ते फाईल पाठवणाऱ्याच्या टेबलावर येऊन पडले आणि त्याला त्याचा पत्ताच लागला नाही. कारागिरीला दुय्यम मानण्याची आपली जुनी सवय इथे आपल्यालाच भोवते.

या कामात शिकायला अवघड असे फार थोडे आहे. डेमी अष्टमांश मुखपृष्ठाची रुंदी साडेपाच इंच. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर १६५० पिक्सेल हवेत. इंटरनेटवरून उचललेले ८०० पिक्सेलांचे चित्र ताणल्याने त्यात नवा तपशील येत नाही. चित्र कडेपर्यंत हवे असेल तर ते कटाईच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर वाढवावे लागते. आमच्या अंकावरची पांढरी रेघ ही त्याच तीन मिलिमीटरांची शिक्षा होती. गडद चित्रात चारही शायांची बेरीज ४०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. आर्टपेपरला साधारण ३००, वृत्तपत्री कागदाला २४०च्या आसपास झेपते. त्यापुढे शाई वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते.

देवनागरीला तर अधिकच जपावे लागते. काळी अक्षरे केवळ काळ्या शाईत असावीत. ती चार शायांत विभागली गेली आणि एखादी प्लेट केसभर सरकली, की शिरोरेखेला आणि वेलांट्यांना रंगीत झालर लागते. गडद पार्श्वभूमीवरच्या बारीक पांढऱ्या अक्षरांतले अनुस्वार शाईत बुजून जातात. फॉन्ट फाईलसोबत गेला नाही, तर जोडाक्षरे फुटतात.

यावर दोन आक्षेप येतात. एक, आता मूळ रंग तसेच ठेवून रूपांतर शेवटच्या क्षणी छापखान्यात करता येते. खरे आहे, पण त्यासाठीही रंगांची ओळख सांगणारे प्रोफाइल फाईलमध्ये असावे लागते आणि निवड कोणाची हा प्रश्न उरतोच. दुसरा, दिवाळीच्या तोंडावर वेळ आणि पैसा असतो कुठे? चौथ्या मुद्रितशोधनाला वेळ असतो, तर एका रंगीत प्रुफाला का नसावा?

पुढल्या अंकात आम्ही तेच चित्र पुन्हा छापले. या वेळी प्रूफ आणि कागदाचा नमुना चित्रकर्तीसमोर ठेवला. दिवा याहून उजळणार नाही हे पाहिल्यावर तिने भोवतालचे पाणी आणखी काळोखे केले, आणि दिवा उजळला. हा उपाय यंत्राला सुचला नसता आणि आम्हालाही सुचला नसता. तेव्हापासून आमच्याकडे चित्रकाराने कागदावरचे प्रूफ पाहून सही केल्याखेरीज मुखपृष्ठ छापायला जात नाही. इतर संपादकांनीही हे करून पाहावे. आपण चित्राखाली चित्रकाराचे नाव छापतो. निदान त्या नावासाठी तरी.