सीमेवर बदलणारा अग्निबंब

दिल्लीहून चिल्ला सीमा ओलांडून नोएडात शिरताना रस्ता तोच राहतो. इमारतींची उंची तेवढी वाढते. अग्निशमन दल मात्र पूर्णतः बदलते. अलीकडे ते दिल्ली सरकारच्या गृह खात्याच्या अखत्यारीत. पलीकडे, उत्तर प्रदेशात, त्याची धुरा भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्याकडे. गुरुग्रामकडे वळावे, तर तेथे हे दल वर्षानुवर्षे नागरी स्थानिक संस्थांच्या खात्याशी जोडलेले. कायदेही तीन : दिल्लीचा 2007 चा, हरियाणा आणि उत्तर प्रदेशाचे 2022 चे. ‘राष्ट्रीय राजधानी क्षेत्र’ असे म्हणताना आपण एकच महानगर गृहीत धरतो. आग लागली की ते पुन्हा वेगवेगळ्या राज्यांत विभागले जाते.

भारतात राष्ट्रीय अग्निशमन सेवा नाही, हे अनेकांना ठाऊकच नसते. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या परिशिष्टात ‘अग्निशमन सेवा’ हे नगरपालिकांकडे सोपवता येण्याजोगे काम ठरले. केंद्रीय गृह मंत्रालयात महासंचालनालय आहे, 1955 पासून एक स्थायी सल्लागार मंडळ आहे, अधिकाऱ्यांना घडवणारे राष्ट्रीय महाविद्यालय नागपुरात आहे. यांतल्या कोणाकडेही आदेश देण्याचा अधिकार नाही. केंद्राने 2019 मध्ये राज्यांना आदर्श विधेयकाचा मसुदा धाडला. ते स्वीकारणे न स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर.

मग दिल्लीतून चालणारी एकच सेवा उभारावी काय? मला ते पटत नाही. ब्रिटनने 1941 मध्ये हा प्रयोग केला, तोही बॉम्बवर्षावाखाली. एका शहराच्या मदतीला धावलेल्या दुसऱ्या शहराच्या दलाचे पाण्याचे नळ तेथल्या जोडणीला बसत नसत. म्हणून सर्व स्थानिक दले एकत्र केली गेली. युद्ध संपल्यावर, 1948 मध्ये, ती पुन्हा स्थानिक प्रशासनाकडे सोपवण्यात आली. गल्लीची रुंदी, पाण्याची टाकी, कुलूपबंद जिना यांची माहिती गावातच असते. सामाईक हवीत ती मानके, प्रशिक्षण आणि नोंदी.

दिल्लीच्या आगींचा इतिहासही हेच सांगतो. ‘उपहार’ चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी 59 माणसे दगावली. ती मुख्यतः धुराने गुदमरली; ज्यादा आसने बसवण्यासाठी बाहेर पडण्याची एक वाट बंद करण्यात आली होती. डिसेंबर 2019 मध्ये अनाज मंडीतील दाट वस्तीत 43 जण गेले. मे 2022 मध्ये मुंडका येथील इमारतीत 27 जणांचा मृत्यू झाला. त्या इमारतीला अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नव्हता, तरीही आत व्यवसाय सुरू होता आणि माणसे रोज कामाला येत होती. बंब कितीही वेगाने आला असता, तरी दाखला नसलेल्या इमारतीचा बंद जिना त्याने कसा उघडला असता?

दिल्लीच्या 2010 च्या नियमांत दाखल्याची सक्ती बहुतांशी उंचीवर बेतलेली आहे. रुग्णालयासाठी ती मर्यादा नऊ मीटर. परिणामी त्याहून ठेंगण्या इमारतीतील शुश्रूषागृह या चाळणीतून निसटते. मे 2024 मध्ये विवेक विहारातील नवजात शिशूंच्या रुग्णालयाला आग लागली. त्याच्या परवान्याची मुदत संपली होती आणि पाच खाटांची परवानगी असताना बारा बालके दाखल होती, असे पोलिसांनी सांगितले. दुमजली इमारतीतले अर्भक आपल्या पायांनी जिना उतरू शकत नाही. मग उंचीची अट कोणाच्या सोयीची?

मराठी वाचकाला येथे भंडारा आठवेल. 9 जानेवारी 2021 रोजी तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात दहा बालके दगावली. ते तर सरकारी रुग्णालय होते, आणि महाराष्ट्राचा 2006 चा कायदा दिल्लीच्याही आधीचा. त्या कायद्याने जानेवारीत आणि जुलैत, वर्षातून दोनदा, आग प्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मागितले आहे. ते देणाऱ्या परवानाधारक संस्थेचे पैसे इमारतमालकच देतो. अशा प्रमाणपत्रावर विसंबण्याआधी त्यांतील काही तरी अचानक तपासायला हवीत, एवढी शंका घेण्यास हरकत नसावी.

पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटी रुपयांची योजना आणली. त्यातील 500 कोटी कायदेशीर व पायाभूत सुविधांविषयक सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहन म्हणून राखीव ठेवण्यात आले. माझ्या मते हे प्रमाण उलटे आहे. बंब आणि शिड्या राज्ये विकत घेतीलच. त्यांचे उद्घाटन करता येते, छायाचित्र निघते. निरीक्षकाच्या पदाचे छायाचित्र निघत नाही, म्हणून केंद्राचा पैसा तेथे जायला हवा. प्रत्येक इमारतीच्या दाखल्याची नोंद कोणालाही पाहता येईल अशी खुली असावी, आणि अनुदानाचा पुढचा हप्ता त्या नोंदीशी बांधलेला असावा. नोकरीसाठी मुंडकासारख्या इमारतीत पाऊल टाकणाऱ्या मुलीला ते मोबाइलवर पाहता आले पाहिजे.

राजधानी क्षेत्रापुरते तर घटनेला हातही लावावा लागत नाही. 1985 च्या कायद्याने स्थापलेल्या नियोजन मंडळात केंद्र आणि संबंधित राज्ये आधीच एकत्र बसतात. तिन्ही दलांचा सामाईक नियंत्रण कक्ष, परस्पर मदतीचा लेखी करार आणि सीमेलगतच्या भागात सर्वांत जवळच्या केंद्राचा बंब आधी निघेल हा नियम, एवढे त्या मंडळाला पुढच्या बैठकीत मंजूर करता येईल.