शिसं, हळद आणि आपलं रोजचं ताट

मैत्रिणींनो, परवा मोझरीत शेजारच्या वहिनींनी विचारलं, "बाई, आवळ्यानं, हळदीनं अंगातलं विष उतरते म्हणतात, खरं का हो?" उत्तर अर्धं हो, अर्धं नाही.

विष म्हणजे इथं शिसं. पोटात गेलेलं शिसं शरीर कॅल्शियमसारखंच हाडांत साठवतं. गरोदरपणात हाडांतलं कॅल्शियम सुटतं, तेव्हा हे शिसंही बाळापर्यंत पोचतं. लहान मुलांच्या तर मेंदूवरच त्याचा परिणाम होतो. पेशींना ते जणू गंज चढवतं. फळाभाज्यांतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं हा गंज थोपवायला मदत करतात, पण हाडांत साठलेलं शिसं त्यांनी निघत नाही.

आहाराचा खरा उपयोग शिसं आत शिरतानाच होतो. उपाशीपोटी आणि लोह, कॅल्शियम कमी असलेल्या शरीरात ते जास्त मुरतं. म्हणून मुलांना न खाता शाळेत धाडू नका. दूध, दही, तीळ, पालेभाजी, उसळ रोज असू द्या. जोडीला आवळा, लिंबू नाहीतर आपली संत्री. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजीतलं लोह अंगी लागतं.

आता हळद. ती गुणी खरी, पण हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून काही व्यापारी लेड क्रोमेट चोळतात. त्यात शिसंच असतं! आपल्याकडे हळदीत किलोमागे १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. २०२४ च्या एका पाहणीत पाटण्याच्या काही नमुन्यांत ते हजाराच्या वर निघालं. बांगलादेशात २०१९ मध्ये ४७ टक्के नमुने दूषित होते. सरकारनं कडक कारवाई केली आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आलं. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं.

एवढं सांभाळा :

१. भडक, चकचकीत हळकुंडं नकोत. साधी, मातकट घेऊन दळून आणा.

२. पितळी भांड्यांना शुद्ध कथलाचीच कल्हई करवा. त्यात शिसं मिसळलेलं नको.

३. भिंती-खिडक्यांच्या जुन्या रंगाचे पोपडे मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. ते ओल्या फडक्यानं पुसा.

४. कुणाच्या सांगण्यावरून भस्मं घेऊ नका. नागभस्म शिशाचंच असतं.

मूल फिकट दिसत असेल, सारखं पोट दुखत असेल, अभ्यासात लक्ष लागत नसेल, तर आवळ्यावर विसंबू नका. डॉक्टरांना रक्तातलं शिसं तपासायचं का, हे आपणहून विचारा.